एक्कावन टक्के

बेलापूर, सेक्टर अकरा, चौथा मजला.
मी जहाजांची नावं बदलते.
पगार एकवीस हजार, दुसरा शनिवार सुट्टी.

जहाज येत नाही, त्याचे कागद येतात.
लांबी, रुंदी, इंजिनाची ताकद,
आधीचं बंदर, त्याच्याही आधीचं बंदर,
आणि एक फोटो मागच्या अंगाचा,
जिथं नाव लिहितात.
फोटोत नवा रंग अजून ओला असतो
आणि रंगाखाली जुनी अक्षरं, वेल्डिंगची,
सिझेरियनच्या टाक्यांसारखी फुगलेली.

माझंही नाव एकदा तांदळात लिहिलं होतं,
नवऱ्याच्या अंगठीनं.
ताट उचललं तसे दाणे घरंगळले,
नवं गेलं, जुनंही वर आलं नाही.
रेशनकार्डावर यायला मला दोन वर्षं लागली.
जहाजाचं आठ दिवसांत होतं.

पेडणेकर साहेब समजावतात चांगलं.
मासा कुणाचाच नसतो, म्हणाले,
पण वाटा देशाचा असतो.
ज्यांचा वाटा संपला
त्यांनी दुसऱ्याच्या पंगतीत बसायचं,
आणि पंगतीत बसायला आडनाव लागतं.
फार नाही. एक्कावन टक्के.
तुमच्या दिवाळ्यात आहे का कुणी?
जुना परवाना असलेला, सही करणारा?

होता. माझा बाप.
हिराजी पोशा कोळी, सव्वीस फुटी होडीचा धनी,
दरवर्षी स्वतःच्या हातानं नंबर रंगवणारा,
आठाचा आकडा नेहमी वाकडा काढणारा.
वर्षाला वीस हजार घरबसल्या, मी सांगितलं.
तेच शब्द वापरले,
साहेबांनी मला सांगितलेले.

अकरा ठिकाणी सही केली त्यानं,
प्रत्येक सहीआधी हात लुंगीला पुसून.
मग विचारलं, "कवरी हाय?"
चाळीस मीटर.
तो उठला, गल्लीत पावलं मोजत गेला,
आमच्या ओट्यापासून बर्फाच्या गाडीपर्यंत,
तिथून वळणावरच्या नळापर्यंत,
आणि नळापाशी बराच वेळ उभा राहिला.
परत येऊन म्हणाला,
"मना दाखव ना येकदा."

ऑफिसात नेऊन दाखवला
पडद्यावर एक हिरवा ठिपका,
किनाऱ्यापासून दोन दिवस लांब.
तो खुर्चीच्या कडेला बसून बघत होता.
पाचेक मिनिटांनी ठिपका गेला.
"बुरली?"
नाही बाबा, रेंज गेली असेल.
रेंज जात नाही, बंद करतात,
हे मला माहीत होतं.
चहा मागवला.

ऑगस्टमध्ये डिझेलच्या परताव्याचा अर्ज परत आला.
कारण टाइप केलेलं होतं, स्वच्छ मराठीत:
अर्जदार खोल समुद्रातील मोठ्या नौकेचे मालक आहेत,
सबब अपात्र.
मीही असंच लिहिते. सबब हा शब्द
मलाही फार आवडतो.

तो ओरडला नाही. मला वाटत होतं ओरडेल.
ओहोटीला पाग खांद्यावर टाकून गेला,
समोर विमानतळाचे दिवे, पायाखाली पोटरीभर चिखल,
डिझेल लागत नाही इतक्या जवळ.
अकरा बोयटं आणली.
ओट्यावर मांडली, डोकी एका बाजूला,
आणि मला हाक मारली.
"तू शिकलेली. एक्कावन टक्के किती झाली?"

सहा, मी म्हणाले. जवळजवळ सहा.

सहा त्यानं आईच्या टोपलीत टाकली.
उरलेली पाच बोटानं मांजरीकडे सरकवली:
"घे गो, भागीदार."
मांजर एक घेऊन कौलांवर गेली.
चार तशीच पडून राहिली,
चकाकत,
आणि आम्ही दोघं बघत बसलो
बाकीची न्यायला कोण येतं.