परत न येणारा माल

उद्यमबागेत, आमच्या फाउंड्रीच्या मागच्या खोलीत
बारा वर्षं जो एकटाच थंड हवा खात बसला होता
तो सर्वर आज खाली उतरवला.
दोघांनी धरावा लागतो. कडा बोटांना कापतात.
कंपनीचं सगळं आता ढगात गेलंय
असं साहेब म्हणतात, आणि खरंच वर बघतात,
पत्र्यापलीकडे आमचा हजेरीपट दिसत असल्यासारखे.

नाव मीच ठेवलं होतं : बेळगाव-एक.
दोन कधी आलाच नाही.
पुढे शहराच्या पाट्या बदलल्या, लेटरहेड, शिक्के,
कुणी पेढे वाटले, कुणी गप्प बसलं.
याच्या कपाळावरची चिठ्ठी तेवढी
वाचायला कुणी आत आलं नाही.

देण्याआधी पुसावं लागतं, तसा नियम आहे.
तीन रात्री मी डिस्कवर शून्यं लिहीत बसले,
शून्यावर शून्य, त्याच्यावर पुन्हा शून्य.
साच्यांचे नकाशे गेले, पंपांची बिलं गेली,
पगारपत्रक गेलं, त्यात एकाच माणसाची तीन स्पेलिंगं :
एक कानडीतून आलेलं,
एक शाळेच्या मराठी दाखल्यावरचं,
आणि एक बँकेनं आपल्या मनानं ठरवलेलं.
कल्लाप्पा मुतगेकर, मोल्डिंग खातं,
भट्टीपाशी नाही, घरीच, झोपेत गेला.
त्याची अकरा दिवसांची रजा शिल्लक होती.
दर एप्रिलला मी ती पुढच्या वर्षात ओढून आणायची.
का, ते विचारू नका.
तीही पुसली.

नवा मालक संकेश्वरहून टमटम घेऊन आला :
मेहबूब नदाफ, फोटो स्टुडिओवाले,
बरोबर भाचा, बरोबर गुंडाळायला दोन घोंगडी.
"लग्नं हैत हो मॅडम माझ्याकडं,
सत्तावीस वर्षांची. सीड्यांना बुरशी आलीय.
लोक येतात, आई गेली म्हणतात,
एखादा फोटो असंल, बघा की. कुठं शोधू?"
मी म्हटलं, वीज लई खाईल.
"खाऊ दे की."
आवाज करेल.
"वाजंत्र्यापेक्षा?"

भाच्यानं पुढच्या जाळीवर फुंकर मारली.
खंडेनवमीचं कुंकू उडालं, बारा नवम्यांचं.
पंख्याच्या पात्यांत हळद घट्ट बसलेली.
फडकं काढून त्यानं कानडीत विचारलं, ओरस्लेन्री?
ब्याड, म्हटलं,
पुसणं झालंय पुष्कळ.

गेटवर पास अडला.
किमतीच्या रकान्यात शून्य चालत नाही,
रुपया तरी टाका.
नदाफांनी खिसे चाचपले, पैसा सगळा फोनमध्ये.
शेवटी टमटमवाल्यानं
देवाच्या फोटोमागून एक नाणं काढून दिलं.
प्रकार : परत न येणारा माल.
वॉचमन इरगौडांनी तिन्ही प्रतींवर शिक्के मारले
आणि जाता जाता घोंगडीखाली हात घालून पाहिला,
ताप आहे का बघतात तसा.

खोलीतला एसी अठरावरच चालू राहिला.
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
दुपारचा डबा मी तिथेच खाल्ला, शाल पांघरून.

आठव्या दिवशी फोन आला.
"चालू झालं मॅडम! पण आवाज ऐकून
शेजारची गंगव्वा जोंधळ्याचा डबा घेऊन आली,
म्हणाली, गिरण घातलास
आणि सांगितलं नाहीस व्हय रे?"
मग? काय केलंत?
"काय करतो? बसवलंय तिला.
लेकीच्या लग्नात तिच्या मालकानं फेटा बांधलेला,
तेवढा एकच काढलेला म्हणती.
शोधायला लावलंय.
डबा मांडीवर घेऊन बसलीय बघा."