शिकाऱ्याची अंत्ययात्रा

मधपेटीची दर्शनी फळी.
दीड वीत लांब, वीतभरही उंच नाही.
पुढे अस्वल, मागे झेंडा घेतलेला कोल्हा,
चार ससे खांदा देतायत
मेलेल्या शिकाऱ्याला.
पाठीमागून हरणं. रडत नाहीयेत.
एका सशाचा डोळा रंगवायचा राहिलाय.

हे येर्नेयचं काम, आजीच्या थोरल्या भावाचं.
जवसाच्या तेलात रंग खलून,
बोलावणं आलं त्याच्या आदल्या हिवाळ्यात.
"आलो की डोळा रंगवतो," म्हणाला.
आजी तेव्हा सात वर्षांची.
तिला एवढंच आठवायचं,
आणि त्याच्या बोटांचा मेणासारखा वास,
आणि जिना उतरताना
तो शेवटची पायरी गाळायचा.

युद्ध तर आमच्याच डोंगरामागे होतं.
तोल्मिनकडच्या तोफांनी
फडताळातल्या बश्या वाजायच्या.
त्याला मात्र पाठवलं पार गॅलिशियात,
दुसऱ्यांच्या बश्या वाजवायला.

तिथून एक कार्ड आलं. छापील.
एकच वाक्य, नऊ भाषांत:
मी बरा आहे, माझं ठीक चाललंय.
खाली तंबी, की याहून जास्त काही लिहायचं नाही.
बादशहाच्या फौजेत
नऊ भाषांमधून बरं असण्याची सोय होती.
मोजे पुरले का, दाढ थांबली का,
हे पणजीला हवं होतं, ते एकीतही नव्हतं.

मग पत्र आलं, एकाच भाषेत. जर्मन.
कावचिच मास्तरांनी मनात वाचलं
आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

आमच्याकडे गाय मरते, कुत्रं मरतं,
मधमाशी मात्र वारते, माणसासारखी.
आणि शिपाई पडतो.
सफरचंद पडतं तसा. नुसता.
फरक इतकाच, सफरचंद कुणीतरी उचलून आणतं.

घरचं माणूस गेलं की
किल्लीनं पेटीवर तीनदा टकटक करायची,
माश्यांना सांगायचं,
नाहीतर रुसून उडून जातात, अशी रीत.
पणजीनं सांगितलं नाही.
"माती मी पाहिली नाही," म्हणाली,
"त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?"
तिच्यामागे आजीनंही नाही.
तेव्हा माश्यांच्या हिशेबी
येर्नेय शंभर वर्षं बाहेरगावी होता.

मधे इटली आली,
थडग्यांवरची नावंसुद्धा आमच्या भाषेत चालेनात.
मग दुसरं युद्ध,
मग चौकात दगड उभा राहिला, त्यावर सतरा नावं,
सगळी दुसऱ्या युद्धाची.
आमचा चुकीच्या बादशहासाठी पडलेला.
त्याला दगड कोण देणार?

एकदा संग्रहालयाचा माणूस फळी मागायला आला.
आकडा बरा बोलला.
आजी म्हणाली, "अजून अर्धवट आहे,"
आणि त्याला मध देऊन वाटेला लावलं.

यंदाच्या थंडीत किडीनं सगळ्या पेट्या बसल्या.
वारल्या सगळ्या, एकीलाही न कळता.
एप्रिलात डोंगरापलीकडून, बोहिन्यहून,
मी नवं मोहोळ आणलं.
पेटी नवी, फळी तीच.
ह्यांना तो होता हेच ठाऊक नाही,
तर गेला हे काय सांगणार?

तरी संध्याकाळी किल्ली घेऊन उभी राहिले.
टकटक केली नाही.
खिशातून कार्ड काढलं आणि वाचलं,
नवांपैकी एकाच भाषेत, आमच्या:
मी बरा आहे, माझं ठीक चाललंय.
आतली गुणगुण होती तशीच राहिली.
याहून जास्त काही बोलले नाही.

किल्ली खिळ्याला अडकवली.
जिना चढताना पहिली पायरी,
म्हणजे त्याची शेवटची,
गाळली गेली.