हवेच्या नावे

पंचवीस वर्षं मी पोती मोजली.
युरिया, पोटॅश, बियाण्याच्या पिशव्या.
शिवडीच्या गोदामात उंदरांनी खाल्लेला माल
'घट' या सदरात.
मग एका सोमवारी नवे साहेब टेबलाशी आले
आणि म्हणाले,
वालावलकरबाई, आता धूर मोजायचा.

मला हसू आलं.
धुराला कुठे बिल्टी असते?
तो काही फाटकावर सही करून जात नाही.

पण असते.
डिझेलच्या पावत्या असतात,
जनरेटरच्या वहीत तास असतात,
विजेचं बिल असतं, दुसऱ्या मीटरचं हरवलेलं,
शेतात पडलेल्या युरियातून उडणारा वायू
कोष्टक बघून अंदाजाने धरायचा असतो,
आणि शीतगृहाच्या मागच्या नळीतून
शिट्टीही न वाजवता निसटणारा गॅस असतो.
त्याचा एक किलो म्हणजे धुराचे जवळजवळ चार टन.
मी तीनदा आकडेमोड केली,
चौथ्यांदा दळवींना विचारलं.

रफीक दळवी, कॉम्प्रेसरवाले.
स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून
यंत्राची छाती तपासतात.
त्यांनी सांध्याला साबणाचं पाणी फासलं.
बुडबुडा आला.
"बघा बाई, तुमचे चार टन."
नऊशे रुपयांचं गॅस्केट.
त्या वर्षातली आमची सगळ्यात खरी बचत.
अहवालात तिचा फोटो नाही.

फोटो गच्चीवरच्या सौर पॅनेलचा.
तिथे कावळे बसतात,
बंदराकडची काजळी बसते,
आणि मंजुळा दर गुरुवारी साडी खोचून
ओल्या फडक्याने सूर्य पुसते.

पेणहून काशिनाथ ठोंबऱ्यांचा फोन येतो.
त्यांच्या खाचरात आम्ही भोकं पाडलेली नळी पुरली आहे:
पाणी वीतभर खाली गेलं की मगच सोडायचं,
चिखलाला अधूनमधून हवा लागू द्यायची,
म्हणजे तो कमी वायू सोडतो.
"आमच्या मंडळींना पटत नाही," ते सांगतात,
"म्हणते, भात उघडं ठेवणं म्हणजे
तान्ह्याचं पांघरूण ओढणं."
मग नळीतलं माप सांगतात, बोटांत.
मी सेंटीमीटर करून लिहिते.
पीक कसं आहे, हे सदर फाइलीत नाही.
मी विचारते तरी.

मार्चअखेर आकडा अठरा टक्क्यांनी खाली आला.
पेढे आले. टाळ्या.
मीही वाजवल्या, पेढा खाल्ला,
आणि जेवणानंतर पावत्या लावायला बसले.
वाहतुकीचं डिझेल: शून्य.

एकतीस ट्रक आम्ही कंत्राटदाराला विकले होते.
ट्रक तेच, चालक तेच,
दारावरच्या आमच्या नावावर
निळा रंग, तोही एकच हात,
उन्हात खालची अक्षरं दिसतात.
घाट तोच, गिअर तोच, धूर तोच.
फक्त पान आमचं नाही.

उंदरांनी खाल्लेली पोती
मी कधी शेजारच्या गोदामाच्या वहीत नाही दाखवली.

लाल शाईत टीप लिहिली:
ट्रक विकले. धूर विकलेला नाही.
साहेबांनी कागद केबिनमध्ये नेला.
दोन दिवस दार बंद.
तिसऱ्या दिवशी परत आला, कोपऱ्यावर चहाचा डाग,
खाली बारीक अक्षर: 'तळटीप करा.'

आहे तिथे. पान सत्तेचाळीस.
चष्मा लावला तर दिसते.
मुंगीएवढी का होईना,
छापील आहे.

जूनमध्ये मी निवृत्त होते.
माझ्या जागी येणारा मुलगा हुशार आहे,
त्याला सगळी सूत्रं पाठ आहेत.
परवा त्याला शीतगृहात नेलं,
हातात साबणाची वाटी दिली.
त्याने आधी बूट वाचवले.

आज संध्याकाळी निघताना फोन वाजला.
"बाई, तीन नंबरच्या सांध्याला परत बुडबुडा."
पर्स खांद्यावर होती, दिवे मालवले होते.
खिडकीतून रस्त्यावरचा पिवळा उजेड
वहीपुरता येत होता.

बसले.
तारीख घातली.