रकाना एकोणीस

कामाचं ठिकाण घरापासून किती किलोमीटर.
त्याखाली, प्रवासाचं साधन:
पायी, सायकल, मोटारसायकल, बस, रेल्वे, इतर.
एका माणसाला एकच खूण,
प्रशिक्षणात साहेबांनी दोनदा बजावलं होतं.

आमखेड्यात दुपारी गेलं की कुलपं भेटतात.
म्हणून शाळा सुटली तरी मी थांबते,
दूध डेअरीच्या ओट्यावर फाईल मांडून,
माणसं परत येईपर्यंत.

सिकंदर तडवी पहिला. अंगातला सदरा
केळीच्या चिकानं काळा, इतका कडक
की काढून ठेवला तर उभा राहील.
कामाला कुठं जाता?
‘गाडी लागली जठे, तठे.’
रात्री नऊला ठेकेदाराचा फोन येतो
तेव्हा त्याला कळतं उद्याचं शेत,
सावद्याकडे की निंभोऱ्याकडे
की पार बऱ्हाणपूरच्या अलीकडे.
मग किलोमीटर किती लिहू?
तो खांद्यावरचा गादीचा तुकडा सारखा करतो,
घड टोचू नये म्हणून बांधलेला.
‘लिवा बाई, तुमच्या मनानं.’
मी माझ्या मनानं पंधरा लिहिते.

इंदूबाई भालेराव. निंदणी. पायी. तीन.
‘जायाचेच इचारते का वं माय?
येतानचे नही?’
येताना डोक्यावर गवताचा भारा असतो.
भाऱ्यासकट तीनाचे किती होतात,
हे ती मला विचारते. खरंच विचारते,
मी गणित शिकवते म्हणून.

मुक्कामी एसटीचा ड्रायव्हर गवळे
चहाचा कप घेऊन शेजारी टेकतो.
म्हणतो, माझंही नाव घाला या गावात,
वर्षातल्या दोनशे रात्री इथंच काढतो.
अहो, तुमचं घर चोपड्याला ना?
‘घर तिकडं. झोप इकडं.’

ज्योत्स्ना भारंबे सुट्टीच्या दिवशी सापडली.
ती भुसावळला, एका दवाखान्यात आया,
नवरा हेमराज दीपनगरला, कोळशाच्या पट्ट्यावर,
बारा तासांची रात्रपाळी.
त्याची सुटते सकाळी सातला.
तिची काळीपिवळी सात दहाला भरते.
दोघांची गाठ तापीच्या पुलावर,
तो दिवा दोनदा मिचकावतो.
ती खिडकीशी असली तर हात बाहेर काढते,
मधे कोंबलेली असली
तर नुसतं कळतं, गेला.
लिहा, ती म्हणाली, माझे बावीस, त्याचे तीस.
तेवढ्यात पडद्याआडून एक मुलगी आली,
सहा वर्षांची, एका पायात मोजा.
ती निघते आणि तो पोचतो
त्यामधली पन्नास मिनिटं
घराला बाहेरून कडी असते.
ज्योत्स्ना याबद्दल काही बोलली नाही.
मीच फॉर्म उलटासुलटा करून पाहिला,
कुठं लिहायचं.

माझ्या घराची मोजणी झाली
तेव्हा मी इथं होते.
धाकट्यानं उत्तरं दिली.
आई कामाला कुठं?
पुलापलीकडे.
किती लांब?
अंधार पडतो तेवढं.
मोजायला आलेल्या बाईंनी शेजारी विचारून
तेवीस लिहिलं.
बरोबर आहे. मी मीटरवर पाहिलंय.

आज निघायला उशीरच झाला.
डिकीत फाईल, फाईलवर
इंदूबाईनं बळंच दिलेली सहा केळी.
पुलावर वारा, आणि खाली पाणी
आहे की नाही, दिसत नव्हतं.
समोरून एक काळीपिवळी येत होती
आणि माझ्या आरशात मागचा दिवा
दोनदा मिचकावला.
मी स्कूटी कठड्याकडे घेतली,
वेग कमी केला,
मधून हटले.