डाग

व्हाइस स्ट्रीटवर, दुसऱ्या मजल्यावर
खिडकीपाशी माझा बाक.
मांडीवर चामड्याची झोळी,
तिच्यात दिवसभराचा कीस.
बर्मिंगहॅमच्या या गल्लीत
हात धुतलेलं पाणीसुद्धा सरळ गटारात जात नाही,
टाकीत थांबतं, निवळतं,
आणि वर्षअखेरीला गाळाचे पैसे येतात.
बेरिल म्हणते, या इमारतीत
फुकट जातो तो फक्त आपला घाम.

बाबा हुपरीत चांदीचं काम करायचे.
पैंजण, छल्ले, करदोटे.
धातू दोनच असतात, असं मला वाटायचं :
एक पायातला, एक गळ्यातला.
नोकरी लागल्यावर फोनवर सांगितलं,
इथल्या सरकारी ठशात नांगर असतो.
ते म्हणाले, शेतकऱ्यांचं गाव का गं?
नाही बाबा, जहाजाचा.
बरं, मग समुद्र जवळ असेल.
तोही नाही.

नऊ कॅरट पहिल्यांदा हातात आलं
तेव्हा मी कसोटी शोधली.
हजारात तीनशे पंच्याहत्तर सोनं, बाकी सगळं हीण.
बाबांनी तोंड वाकडं केलं असतं.
पण इथल्या आज्यांनी तेच बोटात घालून
पन्नास पन्नास वर्षं कोळसे उचललेत, फरश्या पुसल्यात.
बावनकशी असतं
तर पहिल्याच हिवाळ्यात वाकलं असतं.

पांढऱ्या सोन्याला वरून ऱ्होडियमचा हात असतो.
दोन वर्षांनी आतला पिवळा डोकावतो,
कलप लावायला उशीर झालेल्या भांगासारखा.
पॅलेडियम हलकं. लग्नाळू मुलं तळहातावर तोलतात,
परत ठेवतात,
एवढे पैसे आणि वजनच नाही म्हणतात.

प्लॅटिनमला मात्र काळा चष्मा लागतो.
सतराशे अंशांपर्यंत ते तुमचं काही ऐकत नाही,
मग एकदम ऐकतं.
त्याच्यावर ओरखडा पडला तर धातू सहसा झडत नाही,
नुसता बाजूला सरकतो,
चरीच्या काठावर उभा राहतो.
सोनं तसं नाही. ते दर घासेला
थोडं थोडं निघून जातं.

माझी जोडवी डब्यात आहेत.
काळी पडलीत. चांदी घातली नाही की रुसते.

फेब्रुवारीत ग्वेनेथ प्रॉसर आल्या.
हातमोजा काढायलाच केवढा वेळ.
एका बोटात दोन अंगठ्या :
त्यांची अठरा कॅरटची,
आणि नवऱ्याची प्लॅटिनमची, मापात करून घेतलेली.
तो जाऊन अकरा वर्षं झाली.
त्यांची अंगठी एका बाजूनं
कांद्याच्या सालीइतकी उरली होती.

हे कशानं झालं?
मी भिंग खाली ठेवलं.
म्हटलं, त्यांच्या अंगठीनं. शेजारी राहून.
बाई इतक्या हसल्या की बेरिलनं मोटर बंद केली.
म्हणाल्या, जिवंतपणी
आवाजसुद्धा चढवला नाही हो त्यानं.

उपाय आहे, मी म्हटलं.
दोन्ही एकमेकींना जोडून टाकू.
मग घासायच्या नाहीत.
आमच्याकडे याला डाग देणं म्हणतात.
डाग म्हणजे दागिनाही,
आणि न निघणारा डागही डागच.
हे त्यांना सांगावंसं वाटलं,
पण माझं इंग्रजी बाकाच्या उंचीचं.
तोंडातून फक्त सोल्डर निघालं,
आणि किंमत.

त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.
समोरच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं.
नको, म्हणाल्या. झिजू दे.
माझी संपली की त्याची एकटी राहील.
आता पाळी त्याची.

मग फक्त साबणाच्या पाण्यात धुऊन दिल्या.
वजनाची नोंद केली सवयीनं,
त्यांची दीड ग्रॅम, त्याची साडेसात.
पावती नको म्हणाल्या.

संध्याकाळी बाक झाडताना, ब्रश हातात,
मी हिशेब करत राहिले :
त्यांचं ते बाकीचं सोनं
उशीच्या अभ्र्यात, बसच्या दांड्यावर,
बागेतल्या बटाट्यांच्या मातीत,
कुठल्या कुठल्या सिंकमधून वाहून गेलेलं.
आमच्या टाकीत त्यातलं
फार तर आजचं असेल.