वासे मोजताना

चहा झाला, बिस्किटं झाली,
मग थिर्झा मॅलपास शिडी लावून माळ्यावर गेली
आणि खाल्ल्या घरचे वासे मोजू लागली.
तिचं कामच ते.

खाली ऑस्बर्ट टिलिंग, वय ब्याऐंशी,
हातात कुत्र्याचा पट्टा. कुत्रा जाऊन दोन वर्षं झालेली.
"नऊशे वर्षांचं घर आहे आमचं,"
तो शिडीच्या पायाशी सांगत होता.
"एक राजा जेवून गेलाय इथं.
वाइन सांडली त्याची. डाग दाखवतो नंतर."

वर अंधार. ओकच्या तुळया,
खाचेत कुसू, लोखंडाचा खिळा एकही नाही;
ओल्या लाकडात ठोकलेल्या खुंट्या,
वाळता वाळता लाकडानंच आवळून धरलेल्या.
सांध्यांवर सुताराच्या खुणा: एक रेघ, दोन रेघा, तीन.
चौथ्यावर चुकला.
खोडून पुन्हा कोरलं.
बोट फिरवलं तर काजळी,
इतक्या वर्षांनीही बोटाला लागणारी.

म्हणजे तेव्हा धुराडं नव्हतं.
दालनाच्या मधोमध जमिनीवर जाळ,
भोवती धनी, गडी, कोंबड्या, खोकला,
सगळे एकाच धुरात.
मग लोकरीचा पैसा आला.
पैशाबरोबर विटांचं धुराडं,
धुराड्यामुळे मजला, मजल्यामुळे जिना,
आणि जिन्यामुळे
वरचे आणि खालचे.
पुढे खिडक्यांवर कर बसला
तेव्हा चार खिडक्या विटांनी बुजवल्या,
चारही मोलकरणींच्या बाजूच्या.

थिर्झानं तुळईतून पेन्सिलीएवढी काडी काढली,
कागदात गुंडाळली, गेली.
तीन आठवड्यांनी पत्र:
झाड तोडलं चौदाशे त्रेसष्टच्या हिवाळ्यात.
त्याआधी एक वर्ष फार कोरडं गेलं असावं,
वलय केसाएवढं आहे.

ऑस्बर्टनं पत्र दोनदा वाचलं.
एका ओळीत साडेतीनशे वर्षं गेली,
त्यांच्याबरोबर राजाही गेला.
डाग तेवढा राहिला, कुणाचा कोण जाणे.

संध्याकाळी शेजारच्या प्रूला शिडी धरायला लावून
तो स्वतः वर चढला.
टॉर्च चौथ्या सांध्यावर बराच वेळ.
जिन्यात टिलिंगांची सतरा तैलचित्रं आहेत.
"काय आहे वर?" प्रूनं विचारलं.
"धर नीट," तो म्हणाला.

खाली आल्यावर त्यानं हात धुतले नाहीत.
पावावर काळी बोटं उमटली,
आणि त्यानं तो तसाच खाल्ला.