एकास बारा

एक वीत वर जायचं तर बारा विती लांबी द्यावी लागते,
हे मला आमच्या चाळीतल्या थवईबाबांनी सांगितलं. गवंडी होते.
तुमच्या निविदेतही तेच आहे, साहेब. पान एक्केचाळीस.

स्पर्धेच्या वेळी मुलुंडच्या स्टेडियमला रॅम्प होता,
लाकडी, वर हिरवा गालिचा.
उद्घाटनाला माझी खुर्ची तुम्ही स्वतः ढकललीत
दहा पावलं, फोटो निघेपर्यंत.
(चाकांवर हात माझेच होते.)

समारोपानंतर चौथ्या दिवशी गालिचा गेला,
मग लाकूड.
बारा विती बाराच्या भावात.
पायऱ्या आहेत अजून. अकरा.
आत आता लग्नं लागतात म्हणे,
मी भाला फेकला त्या रेषेवर
जिलबीचं टेबल असतं.

माहितीच्या अर्जाला तुमचं उत्तर आलं:
‘सदर सुविधा कायमस्वरूपी उपलब्ध आहे.’
सही, शिक्का, जावक क्रमांक.

अपिलाची सुनावणी दुसऱ्या मजल्यावर ठेवलीत.
लिफ्ट बंद.
मी खालून निरोप धाडला: हेमलता पागधरे हजर.
वरून कागद आला: अर्जदार गैरहजर.

तेव्हा जिन्याखालून हाक मारली,
मैदानावर मारतात तशी, पोटातून.
टंकलेखन थांबलं. कुणीतरी हसलं.
शेवटी तुम्ही उतरलात, चिडलेले,
चष्मा वरच विसरून.

हे घ्या, टेपचं टोक धरा.
नाही, खाली. पायरीच्या मुळाशी.
वाकावं लागेल.
चष्मा नसू दे, आकडे मोठे आहेत,
वाचा.
शिपाईमामा लिहून घेतील.